सरांच्या स्मरणार्थ

सर : मग म्हणाला, "आवाज अगदी आमच्या सरांसारखा येतोय." म्हटलं, "माझाच आहे, गाढवा."

काकू : मग?

सर : मग काय, फोनच ठेवला त्यानं. तुझं सांत्वन करायला केला होता. घाबरला. रस्सीखेचीला सगळ्यात मागे उभा करायचो मी याला, दोर कमरेला गुंडाळून. ढब्बू म्हणायचे सगळे. तो ढब्बू तिकडे माझ्या नावानं हुंदके देतोय आणि मी इकडे पलंगाखाली सपाता शोधतोय.

काकू : पण त्याला कुणी सांगितलं असं?

सर : सांगायला कशाला हवं कुणी? सकाळी ती किडनीवाल्यांची जनजागृती फेरी होती ना, त्यात चालला तो. त्याच्या ऑफिसातले सगळे होते म्हणे, एकाच रंगाचे टीशर्ट घालून. फेरी मैदानावर संपली, तिथं स्टेज. स्टेजवर माझा फोटो. खाली फुलं. आणि दोन मिनिटं शांतता. अख्खं मैदान सावधान. सगळी नोकरी पीटी शिकवण्यात गेली माझी, पण माझ्या तासाला अर्धं मिनिट कुणी गप्प उभं राहिलं नाही.

काकू : चहा घ्या. गार होतोय.

सर : दिवसाचं पाणी मोजून मिळतं मला, त्यातला अर्धा कप हा. गार झाला तरी पुरवूनच पिणार. पण काय गं, फोटो कुठून मिळाला त्यांना? ढब्बू म्हणाला, गळ्यात शिट्टी होती.

काकू : गेल्या वर्षी दिला होता आपण. त्यांच्या पोस्टरसाठी.

सर : हां, तो. बरा आलोय मी त्यात. पोट दिसत नाही. मरायला चांगला फोटो आहे.

काकू : असं बोलू नये.

सर : आता काय बोलायचं राहिलंय? मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. म्हणजे डॉक्टरांना जमलं नाही ते या लोकांनी करून दाखवलं. तो फोन दे इकडे.

काकू : कुणाला करताय?

सर : त्या संयोजिका बाईंना. विचारतो, बाई, एवढा निधी गोळा करता, एवढे फुगे सोडता, माणूस आहे की गेला एवढं तरी विचारून घ्यावं. एक फोन करायचा घरी.

काकू : आज नको.

सर : का?

काकू : पहाटेपासून उभी असेल ती. अंग मोडून आलं असेल तिचं. उद्या करा.

सर : म्हणजे तिची झोप होईपर्यंत मी मेलेलाच राहू?

काकू : तसं नाही हो. सुट्टीच्या दिवशी कुणाला बोलणं बरं दिसत नाही. आणि तिची काय चूक? खालच्या कुणीतरी घोळ घातला असेल.

सर : मग त्या खालच्याला बोलू. माझा फोन कुठाय?

काकू : चार्जिंगला लावलाय.

सर : आत्ता तर बोललो मी त्यावर.

काकू : संपत आला होता.

सर : अगं, तू मघापासून तेच एक ताट पुसतेयस. कोरडं ठणठणीत झालं ते. ठेव खाली. इकडे बघ.

काकू : बघतेय ना.

सर : माझ्याकडे बघ.

काकू : त्यांची चूक नाही. मीच सांगितलं.

सर : काय सांगितलंस?

काकू : तुम्ही गेलात म्हणून.

(काकू ताट खाली ठेवतात.)

सर : कधी?

काकू : गेल्या महिन्यात. ग्रंथालयात कामावर होते. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग समोर, आणि तिचा फोन. तुम्हाला नाही माहीत, त्यांचे सगळे फोन मला येतात. तुमच्या डोक्याला ताप नको म्हणून सगळीकडे माझाच नंबर दिलाय ना. आधी म्हणाली, यंदा फेरीत सगळ्यात पुढे सरांची व्हीलचेअर ठेवू. म्हटलं, अहो, ते चालतात, व्हीलचेअर नाही लागत त्यांना. तर म्हणाली, असू दे हो काकू, लांबून दिसायला बरं दिसतं.

सर : मला चाकांवर बसवणार होते? पीटीच्या माणसाला?

काकू : ते नको म्हटलं तर व्हिडिओ. तुम्ही डायलिसिसच्या मशीनवर झोपलाय आणि मी शेजारी बसून तुमचा हात हातात घेतलाय. मी म्हटलं, त्या हातात सुया असतात, त्याला हात लावायचा नसतो. म्हणाली, मग दुसरा घ्या. आणि बोलताना रडू आलं तर आवरू नका म्हणे. तिकडून कॅमेरेवाला पण तेच. काकू, मोकळेपणानं येऊ द्या. रडू काय नळाचं पाणी आहे, सोडलं की यायला?

सर : सरळ नाही म्हणायचं होतंस.

काकू : कुठल्या तोंडानं? तुम्ही ज्या मशीनवर झोपता ते त्यांनीच दिलंय. दवाखान्यातल्या त्या खोलीच्या दारावर त्यांच्याच संस्थेचं नाव आहे. चांगले लोक आहेत, उद्या कुणी मशीनवरची आपली वेळ काढून घेणार नाही, कळतं मला. पण मनातून भीती जात नाही. घेतलेल्याला नाही म्हणता येत नाही. आणि कारण तरी काय देऊ? तब्येत बरी नाही म्हटलं, तर त्यांना तेच हवं असतं.

सर : म्हणून मला मारून टाकलंस.

काकू : ती म्हणाली, काकू, यंदा सरांना स्टेजवर आणायचंच. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ते आता नाहीत.

सर : अशी गोष्ट तोंडातून निघून जात नसते. आधी आत असावी लागते.

काकू : भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली होती हो माझी. मला वाटलं, तुमचं नाव खोडतील, विषय संपेल. मशीन बघणारी माणसं वेगळी, फेरी काढणारी वेगळी, एकाचं दुसऱ्याला ठाऊक नसतं. मला काय माहीत, गेलेल्या माणसाला ते पहिल्या रांगेत नेऊन बसवतात.

सर : तुला मी नकोसा झालोय का?

काकू : बेल वाजली.

सर : वाजू दे. मी काहीतरी विचारलं.

काकू : परत वाजली. बघते कोण आहे ते. अहो, तीच आहे. संयोजिका. हातात तुमचा फोटो आहे.

सर : या म्हणावं.

काकू : आत जा. हात जोडते, थोडा वेळ आत जा. मी सांगते तिला, पण आधी एकटी सांगते.

सर : स्वतःच्या घरात लपायचं. बरं. पण दार ओढून घेणार नाही मी.

काकू : नका घेऊ. आले हं, आले.

संयोजिका : काकू, न कळवता आले, रागावू नका. घरी कुणी येऊ नका म्हणाला होतात, म्हणून इतके दिवस मन आवरलं. आज नाही राहवलं.

काकू : या. बसा.

संयोजिका : बसत नाही, थेट मैदानातून आलेय. अजून तिकडे खुर्च्या परत द्यायच्यात, स्पीकरवाला खोळंबलाय. हा फोटो तेवढा. म्हटलं, सामानात कुणाच्या पायाखाली यायला नको. आपण स्वतः घरी पोचवावा.

काकू : ठेवा तिथं कपाटावर.

संयोजिका : तुम्ही आज असायला हवं होतं, काकू. मी इतकी वर्षं या फेऱ्या करतेय. परवानग्या आणा, टीशर्टांची मापं बघा, लहान झाला म्हणून लोकांची बोलणी खा. लोक येतात, सेल्फी काढतात, पाण्याची बाटली घेतात आणि भाषण सुरू झालं की मैदान रिकामं. दर वर्षी घरी जाऊन नवऱ्याला सांगते, बास, आता पुढच्या वर्षी नाही. आज मात्र कुणी हललं नाही. सरांचे विद्यार्थी निघाले त्यात कितीतरी. एक तर एवढा थोरला माणूस, लहान पोरासारखा रडत होता.

काकू : ढब्बू.

संयोजिका : ओळखता का तुम्ही? त्यानंच सुरुवात केली. माईक हातात घेऊन म्हणाला, सरांच्या नावानं एक मशीन घेऊ. आणि काकू, जमलं. तिथंच, उभ्या उभ्या. अख्खं मशीन, खुर्चीसकट. दारावर पाटी लागेल, सरांच्या स्मरणार्थ. तिथं बाहेरच्या बाकावर किती लोक ताटकळत असतात, तुम्हाला सांगायला नको. तुम्ही बसलाय त्या बाकावर.

काकू : बसलेय.

संयोजिका : एकच विनंती होती. उद्घाटन तुमच्या हातून व्हावं. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. एक छोटासा व्हिडिओ.

काकू : बघू.

संयोजिका : बघू नाही, याच. किती खंबीर आहात तुम्ही. एवढं झालं, पण चेहऱ्यावर दिसू देत नाही. माझा भाऊ याच आजारानं गेला, तुम्हाला कधी बोलले नाही मी. तो मशीनवर असताना मी त्याचा फोटो काढला होता, आमच्या पहिल्या पोस्टरसाठी. वहिनी अजून माझ्याशी बोलत नाही. म्हणते, तुला भाऊ नव्हताच, पोस्टर होतं. मी तिच्या दारात जाते, ती आतून म्हणते, घरी कुणी नाही. तुम्ही दार तरी उघडलंत.

काकू : तुम्ही बसा बघू आधी. हे पाणी घ्या.

संयोजिका : नाही, येतेच मी.

काकू : बसा म्हणते ना. अहो, बाहेर या.

संयोजिका : कुणाला बोलावताय?

काकू : घाबरू नका. अहो, या ना.

सर : आलो. नमस्कार. उठू नका, बसा. मला बघून उभं राहायची सवय शाळेतल्या पोरांनाही नव्हती.

संयोजिका : काकू, मला हे कळत नाहीये.

सर : कळायला अवघड काही नाही. मी मेलेलो नाही. पाणी प्या, तुम्हाला हवं तेवढं पिता येतं.

संयोजिका : पण फोनवर तुम्हीच म्हणालात. मी दोनदा विचारलं. कधी, कसं. तुम्ही म्हणालात, झोपेत.

काकू : खोटं बोलले.

संयोजिका : असं खोटं बोलतं का कुणी? आपल्या माणसाबद्दल?

काकू : नाही बोलत.

संयोजिका : मी त्या दिवशी गाडी बाजूला लावून रडले, काकू. एवढं नको होतं तर नाही म्हणायचं.

काकू : किती वेळा म्हटलं.

संयोजिका : एकदाही नाही. दर वेळी तुम्ही बघू म्हणालात.

काकू : मग? बघू म्हणजे दुसरं काय असतं?

संयोजिका : मला कळत होतं. खोटं कशाला बोलू, कळत होतं. पण बघू म्हणजे नाही असं धरलं असतं, तर आजवर आमची एक फेरी निघाली नसती. सगळे बघूच म्हणतात. पुन्हा पुन्हा फोन केले की येतात. चिकाटी म्हणतात लोक मला. स्टेजवर सत्कार करतात त्याचा.

सर : चहा टाक गं यांना.

संयोजिका : नको. मी आता मैदानात जाऊन काय सांगू? लोक म्हणतील, सगळंच खोटं. फोटो खोटा, रडणं खोटं, आजार तरी खरा आहे का. पुढच्या वर्षी चिटपाखरू फिरकणार नाही.

काकू : माझं नाव सांगा. मी बोलले, मीच निस्तरीन. हवं तर उभं करा मला स्टेजवर, म्हणू दे लोकांना काय म्हणायचं ते.

सर : हिला कुणी उभं करणार नाही.

काकू : अहो, पण मीच तर...

सर : गप्प बस जरा. ताई, तुमच्या पोस्टमध्ये लिहून टाका. ही बातमी सरांनी स्वतःच पसरवली होती. कंटाळून पसरवली होती. माणसाला स्वतःच्या मरणाबद्दल थोडं खोटं बोलायची मुभा असावी. दुसऱ्याच्या नाही, आपल्याच.

संयोजिका : पण हेही खोटंच झालं परत.

सर : झालं. याचं काय व्हायचं ते माझं होईल. ढब्बूला मी फोन करतो. आधी पुन्हा घाबरेल, मग चिडेल, मग जेवायला येतो म्हणेल. बाकीच्यांना तो सांगेल, त्याचा आवाज लांब जातो.

संयोजिका : आणि मशीन? लोकांनी आपलं परत मागितलं तर?

सर : ज्यांना गेलेल्या माणसासाठीच द्यायचं होतं, त्यांना परत द्या. जिवंत माणसासाठी चालत असेल, त्यांचं ठेवा. कळू दे तरी कोण किती आहेत. पाटी मात्र नको. स्वतःच्या स्मरणार्थ सुया टोचून घ्यायच्या, एवढा काही मी मोठा नाही.

संयोजिका : हसू येतंय मला. मघापासून रडू यायला हवं आणि हसू येतंय.

सर : हसा. मैदानात गेल्यावर रडाल. त्या स्पीकरवाल्यालाच सांगा पहिलं, सराव होईल.

संयोजिका : येते मी. काकू, ते व्हिडिओचं आता...

काकू : नाही.

संयोजिका : नाही. बरं. येते.

काकू : सावकाश जा. जिन्यात दिवा नाहीये, कठडा धरून उतरा. आणि वहिनींकडे जाल तेव्हा रिकाम्या हाताने जा. फोन, कॅमेरा, काही नेऊ नका. नुसत्या दारात बसा. उघडलं तर उघडलं.

सर : गेली?

काकू : गेली. दमल्या पावलांनी उतरतेय बिचारी. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात.

सर : तू माझ्याबद्दल बोललीस, मी तुझ्यासाठी बोललो. फिट्टंफाट. आता ये इथं बस. मघाशी बेल वाजली तेव्हा मी काहीतरी विचारलं होतं.

काकू : विसरले नाही मी.

सर : ते जाऊ दे, तसं नाही विचारत. एवढंच सांग, ते तोंडातून निघालं तेव्हा तुला कसं वाटलं?

काकू : खरं सांगू?

सर : खोटं आज भरपूर झालं.

काकू : हलकं वाटलं. तिनं कधी, कसं एवढंच विचारलं, पुढं काही मागितलं नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. औषध आणायचं नव्हतं, बिनमिठाचं वेगळं शिजवायचं नव्हतं, कुणाचं पाणी मोजायचं नव्हतं. इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि मग कुणाला न सांगता ग्रंथालयातून निघाले, धावत घरी. तुम्ही झोपला होतात. मी इथं दारात उभी राहून छाती हलतेय का बघत होते. हलताना दिसेना म्हणून जवळ आले.

सर : मग?

काकू : मग तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, पंखा बारीक कर. आणि मला तुमचा इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं. दोन्ही एकदमच. पंखा बारीक केला आणि तिथंच खाली बसले. आता तुम्हाला काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन.

सर : काय बोलणार. मला वाटायचं, या घरात तो विचार मी एकटाच करतो.

काकू : कुठला?

सर : मी नसलो तर तुला जरा टेकायला मिळेल, हा. मशीनवर पडल्या पडल्या दुसरं करायचं काय? छताकडे बघत तेवढाच एक उद्योग. तुला बोललो नाही कधी. म्हटलं, रडशील.

काकू : मला कुठाय वेळ रडायला.

सर : तेच.

काकू : रागावलात?

सर : थोडा रागावलोय. राहीन आणखी चारदोन दिवस रागावलेला. तू काही मनावर घेऊ नकोस. उद्या सकाळचीच वेळ आहे ना माझी मशीनवर?

काकू : हो. लवकर निघायला हवं. मी कपडे काढून ठेवते तुमचे.

सर : मी काढीन. तू येऊच नकोस उद्या. झोप काढ. मी जाईन गाडी बोलावून.

काकू : आणि तिथं विचारतील ना, आज काकू का नाही आल्या म्हणून.

सर : सांगेन, दमली आहे.